न ऐकणारा राजा, न ऐकणारी माणसे

प्रस्तावना

मराठी ख्रिस्ती घरांत शौल राजाची ओळख एका वाक्यात आटोपते: देवाचे ऐकले नाही, म्हणून राज्य गेले. रविवारच्या शाळेत त्याची गोष्ट येते ती दावीद आणि गल्याथाच्या गोष्टीला धरून. एका बाजूला उंचापुरा, मत्सराने पेटलेला राजा, दुसऱ्या बाजूला गोफण घेतलेला मेंढपाळाचा पोर. मुलांनी टाळ्या कोणासाठी वाजवायच्या हे आधीच ठरलेले. प्रवचनांतही शौल भेटतो तो बहुतेक पंधराव्या अध्यायापुरता. कॅथलिक मिस्सेत तो उतारा सम वर्षी, जानेवारीतल्या एका सोमवारी वाचला जातो. सोमवारच्या मिस्सेला किती माणसे असतात हे जाणारे जाणतात. ख्रिस्तेतर वाचकाला शौल म्हटले की आठवलाच तर पौल आठवतो, कारण त्याचेही यहुदी नाव शौलच. तोही बन्यामीन वंशातला. वंशातल्या पहिल्या राजाचे नाव त्याला मिळाले असावे.

इस्राएलच्या पहिल्या राजाच्या वाट्याला इतके थोडके यावे हे खटकणारे आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा मोठा भाग त्याच्याभोवती फिरतो. प्राचीन वाङ्मयात एखाद्या सत्ताधाऱ्याची पडझड इतक्या जवळून, इतक्या निर्दयपणे आणि तरीही इतक्या कणवेने सांगितलेली क्वचितच सापडेल. प्रस्तुत संग्रह त्या संपूर्ण शौलासाठी आहे. त्याच्यापासून बोध घ्यायचा तर कोणता, हा प्रश्न अडीच हजार वर्षे माणसे विचारत आली आहेत आणि त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. नवख्या वाचकाला त्या भांडणात शिरायला वाट मिळावी, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

आधी काळ आणि जागा. इसवी सनापूर्वी अकराव्या शतकाची अखेर. इस्राएल हे अजून राज्य नव्हे, डोंगराळ भागात राहणाऱ्या वंशांचा सैल गोतावळा. खाली किनाऱ्याकडे पलिष्टी, आणि लोखंडाची विद्या त्यांच्या हातात. इस्राएलात लोहार राहू द्यायचा नाही, असा त्यांचा खाक्या. नांगराचा फाळ असो की कुऱ्हाड, धार लावायची तर डोंगर उतरून शत्रूच्याच भट्टीवर जायचे आणि दाम मोजायचा. हा दाम मजकुरात 'पीम' असा येतो. उत्खननांत हे नाव कोरलेली घुमटाच्या आकाराची छोटी दगडी वजने हाती लागली तेव्हा हिशोब लागला: शेकेलाचा सुमारे दोन-तृतीयांश, म्हणजे आठ ग्रॅमला थोडी कमी चांदी. एक फाळ पाजळायला एवढी चांदी! लोकांना राजा का हवा होता, हे या एका दरावरून कळते.

शमुवेल संदेष्ट्याला तो नको होता. राजा आला की तुमचे मुलगे त्याच्या रथापुढे धावतील, मुली त्याच्याकडे अत्तरे करायला आणि भाकरी भाजायला जातील, चांगले मळे त्याच्या चाकरांना मिळतील, धान्याचा दहावा हिस्सा जाईल, असे त्याने बजावले. लोकांनी ऐकले नाही. तेव्हा ज्याचा राजा म्हणून अभिषेक झाला तो तरुण बापाची हरवलेली गाढवे शोधायला निघालेला होता. सगळ्यांहून खांदाभर उंच, पण चिठ्ठी त्याच्या नावावर निघाली तेव्हा सामानसुमानाच्या ढिगात लपून बसलेला. त्याला तिथून ओढून आणावे लागले. सत्तेची हाव धरून शौल गादीवर आला नाही, हे त्याच्या निंदकांनाही मान्य करावे लागते. याबेश-गिलादला अम्मोन्यांचा वेढा पडला तेव्हा तो शेतातून बैलांमागून घरी येत होता. बातमी ऐकताच त्याने बैलांची जोडी कापून तिचे तुकडे वंशावंशांत धाडले, सैन्य उभे केले आणि ते गाव सोडवले. याबेशचे लोक हे उपकार विसरले नाहीत. त्यांची गाठ पुन्हा पडणार आहे.

मग गिलगाल. पलिष्टी मिखमाशाला तळ देऊन बसलेले, शौलाचे लोक गुहांत आणि झुडपांत दडू लागलेले. शमुवेलाने सात दिवस थांब म्हटले होते. शौल सात दिवस थांबला. शमुवेल आला नाही, आणि सैन्य पाझरून शेवटी सहाशेवर आले. तेव्हा त्याने स्वतःच होमार्पण केले. ते संपते न संपते तोच शमुवेल हजर! तुझे राज्य टिकणार नाही, हा पहिला निकाल इथला. वाचकाच्या मनात शौलाची बाजू इथेच उभी राहते. ती दाबून टाकायचे कारण नाही, कारण कथाकारालाही ती दाबायची असती तर 'तो सात दिवस थांबला' हे त्याने लिहिलेच नसते.

पंधरावा अध्याय मात्र सावकाश वाचावा. हुकूम भयंकर आहे: अमालेक्यांवर चढाई कर आणि पुरुष, बाया, पोरे, तान्ही मुले, बैल, मेंढरे, उंट, गाढवे, काही शिल्लक ठेवू नको. कारण काय, तर मिसरातून निघालेल्या इस्राएलांवर त्यांच्या पूर्वजांनी वाटेत केलेला हल्ला. शौल जातो, जिंकतो, आणि राजा अगाग व उत्तम जनावरे राखून ठेवतो. टाकाऊ होते तेवढे नष्ट केले, असे कथाकार कोरडेपणाने नोंदवतो. शमुवेल रात्रभर परमेश्वराकडे आक्रोश करतो. सकाळी निघतो तेव्हा त्याला कळते की राजा कर्मेलला जाऊन स्वतःसाठी स्मारक उभारून आला आहे.

भेट झाल्याबरोबर शौल म्हणतो, परमेश्वराची आज्ञा मी पाळली. शमुवेल विचारतो, मग माझ्या कानांवर हे मेंढरांचे बेंबें कसले? यावर शौलाने दिलेले उत्तर म्हणजे आडपडद्याचा नमुना आहे. जनावरे 'त्यांनी' आणली. उत्तम ती 'लोकांनी' राखली, तीही 'तुझा देव' परमेश्वर याला अर्पण करायला. बाकीची 'आम्ही' नष्ट केली. चांगल्या कामात राजा आम्ही म्हणून हजर, वाकड्या कामात लोकांच्या आड गडप, आणि वरून भक्तीची शाल. शमुवेल पुन्हा विचारतो तेव्हाही हेच पालुपद. तिसऱ्या खेपेला, राज्य गेले हे ऐकल्यावर, कबुली येते: मी लोकांना भ्यालो. आणि तिच्या पाठोपाठ विनंती: निदान वडीलधाऱ्यांसमोर माझा मान राख. सोळा आण्यांपैकी पंधरा आणे आज्ञा पाळायची, उरलेला आणा पदरात टाकायचा आणि पावती सोळा आण्यांची मागायची, हा शौलाचा दोष म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला, आणि तो खरा आहे. बथशेबेच्या प्रकरणात नाथान संदेष्टा दावीदाला तोंडावर दोषी ठरवतो तेव्हा दावीद एकही सबब पुढे करत नाही. दावीदाचा गुन्हा शौलाच्या गुन्ह्याहून मोठा होता: परस्त्री आणि तिच्या नवऱ्याचा खून. पण पकडला गेल्यावर माणूस काय बोलतो, याला या पुस्तकांत फार वजन आहे.

बहुतेक उपदेश इथे थांबतात. तिथे थांबले की गोष्ट चुकते, असे माझे मत आहे. आज्ञा पाळा, एवढाच बोध असता तर कथाकाराने पुढचे सोळा अध्याय वेगळे लिहिले असते.

बाविसावा अध्याय पाहा. दावीद शौलापासून पळून जाताना नोब या गावी अहीमलेख याजकाकडून भाकरी आणि तलवार घेऊन गेला. शौलाला हे कळते. तो सगळ्या याजकांना बोलावून घेतो आणि आपल्या रक्षकांना म्हणतो, मारा यांना. रक्षक हात उचलत नाहीत. राजासमोर, हत्यार हातात असताना, ते नुसते उभे राहतात. तेव्हा शौल दवेग अदोम्याकडे वळतो, आणि दवेग त्या दिवशी ८५ याजक कापून काढतो. मग नोब गावात पुरुष, बाया, पोरे, तान्ही मुले, बैल, गाढवे, मेंढरे, सगळे तलवारीने मारले जाते. ही यादी आपण आधी ऐकली आहे. अमालेक्यांच्या बाबतीत जी पूर्ण झाली नाही ती शौलाने स्वतःच्या याजकांच्या गावात पूर्ण करवली. कथाकार यावर भाष्य करत नाही. यादी तेवढी परत मांडतो.

आता कोणी कोणाचे ऐकले नाही, हे जरा मोजून पाहावे. लढाईच्या दिवशी कोणी काही खाऊ नये अशी शपथ शौलाने सैन्याला घातली होती. त्याचा मुलगा योनाथान याला ती ठाऊक नव्हती. त्याने काठीचे टोक मधाच्या पोळ्यात बुडवून चाखले. बाप मुलाला मारायला निघाला, आणि लोकांनी राजाला साफ सांगितले की याच्या केसालाही धक्का लागणार नाही. हाच योनाथान पुढे बापाच्या हुकुमाविरुद्ध दावीदाला वाचवतो. मुलगी मीखल नवऱ्याला, म्हणजे दावीदाला, खिडकीतून खाली सोडते आणि पलंगावर मूर्ती झोपवून बापाच्या माणसांना चकवते. नोबचे रक्षक हात आखडतात. गिलबोवाच्या डोंगरावर घायाळ शौल शस्त्रवाहकाला म्हणतो, मला भोसक. तोही धजत नाही. न ऐकणाऱ्या राजाच्या या कथेत जी माणसे वाचकाच्या मनात घर करतात, ती सगळी त्या राजाचे न ऐकणारी आहेत. हुकूम निमूटपणे बजावणारा एक दवेग. तेव्हा आज्ञापालन हा सद्गुण आहे की नाही, हा प्रश्न ही कथा इतका सरळ ठेवतच नाही. कोणाची आज्ञा, कोणाच्या जिवावर, आणि तिचा जाब कोण देणार, असे तिचे प्रश्न आहेत. संग्रहातले लेख अनेक दिशांनी जातात, पण फिरून या प्रश्नांपाशी येतात.

अर्थ लावणाऱ्यांची पहिली फळी बायबलच्या आतच आहे. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाने शौलाची सगळी कारकीर्द वगळली आणि मरण तेवढे ठेवले, वर कारणही जोडले: तो अविश्वासू निघाला, त्याने भूतविद्या जाणणाऱ्या बाईचा सल्ला घेतला. सरळ हिशोब, पाप आणि शिक्षा. शमुवेलाचे पुस्तक एवढे निःशंक नाही. तिथे एकाच अध्यायात परमेश्वराला शौलाला राजा केल्याचा पस्तावा होतो, थोड्या ओळींनंतर शमुवेल सांगतो की परमेश्वर माणसासारखा पस्तावत नाही, आणि अध्याय संपतो तो पुन्हा पस्ताव्यावर. भाष्यकारांनी या तीन विधानांची सांगड घालण्यात शतके घालवली. मला ती सांगड घातलीच पाहिजे असे वाटत नाही.

यहुदी परंपरेने शौलाशी सर्वांत मोकळेपणाने वाद घातला. तालमुदाच्या 'योमा' या भागात शौल देवालाच प्रश्न करतो: एका माणसाचा खून झाला तर नियमशास्त्र प्रायश्चित्ताला कालवड मागते, मग एवढ्या जिवांचे काय? माणसांनी पाप केले, जनावरांनी काय केले? मोठी माणसे चुकली, लेकरांनी काय केले? आकाशवाणी होते, फाजील धार्मिक होऊ नको. नोबच्या कत्तलीच्या वेळी पुन्हा आकाशवाणी: फाजील दुष्ट होऊ नको. तिथेच एक तक्रारही नोंदलेली आहे, की शौलाला एक चूक भोवली आणि दावीदाला दोन भोवल्या नाहीत. दुसऱ्या एका जुन्या भाष्याने याच दोन प्रसंगांवरून उलटा निष्कर्ष काढला: क्रूरांवर नको तिथे दया दाखवणारा शेवटी दयेला पात्र असलेल्यांवर क्रूर होतो. हा वाद अजून चालू आहे, आणि दर वर्षी नव्याने ऐकू येतो, कारण पुरीम सणाच्या आधीच्या शब्बाथाला सभास्थानांत शौल-अगागाचा अध्याय वाचतात. पुरीमच्या गोष्टीतला खलनायक हामान हा अगागाच्या कुळातला म्हटला आहे, आणि त्याला पुरून उरणारा मर्दखय बन्यामीन वंशातला, त्याच्या वंशावळीतही एक कीश. शौलाच्या बापाचे नावही तेच. शौलाचे अर्धवट राहिलेले काम एस्तेरच्या पुस्तकात येऊन पुरे होते, अशी ही जुळणी. पहिल्या शतकातला इतिहासकार जोसेफस मात्र शौलाच्या शेवटाने भारावला. उद्या मरण आहे हे एन-दोरला, त्या भूतविद्या जाणणाऱ्या बाईच्या घरी, कळल्यावरही जो रणात गेला त्याहून शूर कोण, असा त्याचा सवाल आहे.

एन-दोरची ती रात्र ख्रिस्ती आचार्यांना वेगळ्या कारणाने छळत होती. देशातून भूतविद्या हद्दपार करणारा राजा वेष पालटून त्याच विद्येच्या दारात जातो, आणि मेलेला शमुवेल खरोखर वर येतो. ओरिजेनने तिसऱ्या शतकात म्हटले की आला तो शमुवेलच. अंत्युखियाच्या युस्टाथियसने त्याच्यावर एक आख्खा ग्रंथ लिहून तुटून पडत सांगितले की ती भुताची फसवणूक होती. ऑगस्टीनने लक्ष वळवले ते कबुलीकडे: शौल आणि दावीद दोघेही 'मी पाप केले' म्हणतात, शब्द सारखेच, अंतःकरणे वेगळी. पाश्चात्त्य ख्रिस्ती उपदेशातला शौल बव्हंशी या एका निरीक्षणावर उभा आहे. पण त्या वादविवादात एक गोष्ट सगळ्यांच्याच हातून निसटते. शमुवेलाचे बोलणे ऐकून शौल जमिनीवर कोसळतो, दिवसभर पोटात काही नाही. ती बाई, जिचा धंदा याच राजाने बंद केला होता, घरातले पोसलेले वासरू कापते, पीठ मळते, बेखमीर भाकरी भाजते आणि त्याला बळेच जेवू घालते. जोसेफसने तिचे तोंड भरून कौतुक केले आहे. आचार्यांनी केले नाही.

कुराणातला तालूत म्हणजे हाच राजा, आणि तिथे तो मुळीच आज्ञाभंग करत नाही. दुसऱ्या सूऱ्यात लोक कुरकुरतात की याच्याकडे संपत्ती नाही, हा कसला राजा; उत्तर येते की देवाने त्याला ज्ञान आणि देह दोन्हींत समृद्ध केले आहे. नदीच्या पाण्यावरून सैन्याची परीक्षा होते, दावीद जालूतला, म्हणजे गल्याथाला, मारतो. पतनाची गोष्ट कुराणात नाही. आज्ञा मोडणारा राजा म्हणून शौलाकडे बघण्याची सवय झालेल्या वाचकाने एकदा हा दुसरा राजाही पाहावा.

युरोपच्या राजकारणात शौल शिरला तो आठव्या अध्यायाच्या दाराने. १६५१ मध्ये हॉब्जने 'लेव्हायथन'मध्ये शमुवेलाची ती लांबलचक ताकीद राजाच्या हक्कांची यादी म्हणून वाचली: देवानेच सांगितले आहे की राजा हे सगळे घेऊ शकतो. १७७६ मध्ये टॉमस पेनने 'कॉमन सेन्स'मध्ये तीच यादी राजेशाहीविरुद्धचा देवाचा निवाडा म्हणून अमेरिकनांसमोर ठेवली. दोघांपुढे मजकूर एकच होता. मला पेन जवळचा वाटतो, पण हॉब्जने शब्द वाकवले असे म्हणता येत नाही. कलावंतांना राजकारणापेक्षा शौलाचे मन ओढत राहिले. १७३९ मध्ये लंडनला हँडेलचा 'सॉल' झाला, आणि त्यातली शोकधून ब्रिटनच्या शासकीय अंत्यविधींत वाजत आली. इटलीत अल्फिएरीने १७८२ मध्ये त्याची शोकांतिका केली. हेग इथे असलेल्या रेम्ब्रांटच्या चित्रात वीणा वाजवणाऱ्या दावीदासमोर बसलेला शौल पडद्याच्या टोकाने डोळा टिपतो आहे. त्याच्या दुसऱ्या हातात भाला आहे. एकोणिसाव्या शतकानंतर डॉक्टरांनीही हात धुऊन घेतले आणि त्याला निरनिराळ्या मनोरुग्णतेची लेबले लावली. तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचे निदान एका पुस्तकावरून करण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही.

चिकित्सक अभ्यासकांनी मजकुराचेच थर सोलले. राजा हवा म्हणणारा एक आवाज, नको म्हणणारा दुसरा, असे दोन प्रवाह १८७० च्या दशकात वेलहाउझेनने वेगळे दाखवले. मार्टिन नोथने १९४३ मध्ये मांडले की बाबेलच्या बंदिवासाच्या काळातल्या एका इतिहासकाराने जुनी साधने एकत्र गुंफून हा मोठा इतिहास रचला. सांधे नीट जुळलेले नाहीत, हे साध्या वाचकालाही दिसते: सोळाव्या अध्यायात दावीद शौलाचा लाडका वादक आणि शस्त्रवाहक होतो, आणि सतराव्यात शौल विचारतो, हा कोणाचा मुलगा? राजा झाला तेव्हा शौलाचे वय काय होते, हे सांगणाऱ्या वाक्यातला आकडा हिब्रू प्रतींत गळला आहे. आहे तसे वाचले तर तो एक वर्षाचा असताना गादीवर आला. कुमरानच्या चौथ्या गुहेत १९५२ मध्ये मिळालेल्या एका गुंडाळीत याबेशच्या वेढ्याआधीचा एक परिच्छेद आहे, जो नेहमीच्या हिब्रू प्रतीत नाही. या सगळ्यातून एक अस्वस्थ करणारी शंका निघते: ही कथा दावीदाच्या घराण्याच्या सावलीत लिहिली गेली. सत्ता बळकावणाऱ्याने आधीच्या राजाला देवानेच टाकले असे सांगणे प्राचीन पश्चिम आशियात नवे नव्हते. हित्ती राजा तिसरा हत्तुसिली याचा असा खुलासा आजही वाचायला मिळतो. मग शौल खरोखर नाकारलेला होता, की हरलेला? १९८० मध्ये डेव्हिड गन यांनी 'द फेट ऑफ किंग सॉल' लिहून हाच प्रश्न वाङ्मयाच्या अंगाने विचारला, आणि शौलाची बाजू घेणे अभ्यासकांत प्रतिष्ठित झाले. विजेत्यांनी लिहिली असूनही हरलेल्याला इतकी जागा देणारी कथा म्हणून मला ती अधिक विश्वासार्ह वाटते.

उत्खननाने शौलाच्या पदरात फारसे टाकलेले नाही. दावीदाच्या घराण्याचा उल्लेख असलेला शिलालेख १९९३ मध्ये तेल दान इथे मिळाला. शौलाचे नाव असलेला समकालीन लेख एकही नाही. यरुशलेमच्या उत्तरेला तेल एल-फूल ही टेकडी त्याचे गिबा मानली जाते. १९२० च्या दशकात ऑलब्राइट यांनी तिथे खणले आणि सापडलेल्या गढीला शौलाची गढी म्हटले. ती ओळख आज सगळ्यांना मान्य नाही. त्याच टेकडीवर जॉर्डनचे राजे हुसेन राजवाडा बांधत होते. १९६७ चे युद्ध आले आणि काम जागीच थांबले.

मराठीत शौल आला तो अनेक वाटांनी. फादर स्टीफन्सच्या १६१६ च्या ख्रिस्तपुराणाचे पहिले पुराण जुन्या कराराची कथा ओवीत सांगते. कोकणातल्या बेने इस्राएलांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शास्त्रातल्या कथांवर मराठी कीर्तने उभी केली, टाळ-मृदंगासकट. मिशनऱ्यांची भाषांतरे झाली, आणि पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीक शिकून केडगावला आपले भाषांतर सिद्धीस नेले. एवढे असून शौलावर स्वतंत्र, भरघोस लिहिले गेले नाही. जे आहे ते बहुतेक उपदेशाच्या टिपणांत विखुरलेले.

आजच हे पुस्तक का, असे कोणी विचारेल. पंधराव्या अध्यायातला हुकूम जुना होऊन पडलेला नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस न्यू इंग्लंडमधले धर्मोपदेशक मूळ अमेरिकनांना अमालेकी म्हणत. २८ ऑक्टोबर २०२३ रोजी इस्रायलच्या पंतप्रधानांनी गाझातल्या युद्धाच्या संदर्भात अमालेकाची आठवण करून दिली, आणि दक्षिण आफ्रिकेने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात केलेल्या अर्जात ते वाक्य पुरावा म्हणून मांडले. पंतप्रधानांच्या कार्यालयाने तो अर्थ नाकारला. ज्या मजकुरावरून न्यायालयात वाद होतो तो निदान नीट वाचलेला असावा. यहुदी शास्त्रकारांतच अमालेकी आता ओळखता येत नाहीत आणि ती आज्ञा लागू करता येत नाही, असे म्हणणारे आहेत. मार्टिन बूबर यांनी आत्मकथनात एका धार्मिक यहुदी गृहस्थाशी झालेले बोलणे दिले आहे. अगागाच्या प्रकरणात शमुवेलाला देवाचे म्हणणे चुकीचे समजले, असे बूबर त्यांना म्हणाले. त्या गृहस्थांनी बराच वेळ घेतला, आणि मग तेही हेच मानतात असे सांगितले. शौलाने अगागाला राखले ते दयेपोटी नव्हे, मिरवायला, हे मला दिसते. तरीही त्या अध्यायातल्या तान्ह्या मुलांवरून मला पुढे जाता येत नाही, आणि ज्याला सहज जाता येते त्याच्या उपदेशावर माझा विश्वास बसत नाही.

दुसरे कारण अधिक रोजचे. वरून आदेश होता, लोकांचा दबाव होता, हेतू चांगला होता: शौलाची ही तीन वाक्ये चौकशी समितीपुढे, चर्चच्या कमिटीत, पतपेढीच्या सभेत आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. दवेगाचे न बोललेले वाक्य, 'हुकूम होता, बजावला', तर न्यूरेंबर्गच्या खटल्यांत बचाव म्हणून उभे राहिले, आणि ते मान्य झाले नाही.

या संग्रहात एकमत मिळणार नाही. काही लेखक श्रद्धेच्या आतून लिहितात आणि शमुवेलाची बाजू सोडत नाहीत. काहींना शमुवेलच सत्ता सोडवत नसलेला म्हातारा वाटतो. काही लेख कथेच्या बांधणीत रमतात, काही इतिहासाच्या पुराव्यांत. रिस्पेवरचे लिखाण मला सर्वांत मोलाचे वाटले. शौलाची ही उपपत्नी. दावीदाच्या राज्यात गिबोन्यांच्या सूडापोटी शौलाच्या घरातले सात जण टांगले गेले, त्यांत तिचे दोन मुलगे होते. कापणीच्या हंगामापासून पाऊस पडेपर्यंत ती खडकावर गोणपाट अंथरून प्रेतांवरून दिवसा पाखरे आणि रात्री श्वापदे हाकलत राहिली, तेव्हा कुठे दावीदाने शौलाची आणि योनाथानाची हाडे आणवून नीट पुरली. ती हाडे याबेश-गिलादमध्ये होती. पलिष्ट्यांनी शौलाचे धड बेथ-शानच्या तटाला टांगले तेव्हा याबेशचे लोक रात्रभर चालत जाऊन ते काढून घेऊन आले होते. शौलाच्या नैतिक ताळेबंदात ही जमेची बाजू फार कमी जण धरतात. संग्रहाने ती धरली आहे. उणीव म्हणाल तर कुराणातल्या तालूतवर स्वतंत्र लेख हवा होता. तो पुढच्या आवृत्तीत घ्यावा, असे मी संपादकांना सुचवले आहे.

नावे प्रचलित मराठी बायबलप्रमाणे ठेवली आहेत, म्हणजे पडताळून पाहणे सोपे जाईल. वाचकाला एकच विनंती. या पुस्तकाचे पान उलटण्याआधी शमुवेलाचे पहिले पुस्तक काढा आणि नवव्या अध्यायापासून एकतिसाव्यापर्यंतचे २३ अध्याय सलग वाचा. एक दुपार पुरते. आमचे लेख त्यानंतर वाचा, आणि जिथे पटणार नाहीत तिथे समासात तसे लिहा.